परमुलखातला फोन

(घरातील मोठी माणसे हज, उमरा किंवा नोकरीच्या निमित्ताने परदेशी जातात. तेथे मोबाइलचा खर्च कसा वाढतो आणि तो कसा आटोक्यात ठेवता येतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)



समजा, आज तुमच्या घरी मोठी गडबड आहे. तुमच्या दादी आणि बडे अब्बा हजला निघाले आहेत. तुमचे घर बीडला असो, माजलगावला असो, अंबाजोगाईला असो की परळीला, अशा दिवशी सगळीकडे सारखेच दृश्य दिसते. दारात जीप उभी असते. गल्लीतील माणसे गळाभेट घ्यायला येतात. कोणी हार घालतो, कोणी कानाजवळ येऊन आपल्यासाठी दुआ मागायला सांगतो. बॅगांवर नाव आणि कव्हर नंबर लिहून झालेला असतो. एहरामचे कापड, औषधे, चिवडा, लोणचे, सारे काही बांधून ठेवलेले असते. बीडहून गेवराई, पाचोड या रस्त्याने छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, गाठायचे आणि पुढे विमानाचा प्रवास करायचा.

या धांदलीत एका वस्तूकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. ती म्हणजे दादींच्या पिशवीतला मोबाइल. तो तर रोजचाच! त्याची तयारी ती काय करायची?

तयारी करावी लागते. कपडे आणि औषधे पिशवीत पडून राहतात. मोबाइल तसा पडून राहत नाही. देशाची हद्द ओलांडली की तो तुमच्या नकळत पैसे खर्च करू लागतो. घरात मोबाइलची सेटिंग कोणाला येते? बहुधा तुम्हालाच. अब्बांनाही काही अडले की ते तुम्हालाच हाक मारतात. म्हणून हा पाठ तुमच्यासाठी आहे.

आधी थोडे मागे जाऊ. पूर्वी हजला जाणारे लोक मुंबईहून जहाजाने जेद्दाला जात. १९९५ पर्यंत ही जहाजे चालू होती. त्या काळी माणूस निघाला की घरच्यांना फार दिवस काही कळत नसे. सुखरूप पोहोचल्याचे पत्र येईपर्यंत सर्वांचे डोळे पोस्टमनच्या वाटेकडे लागत. फारच घाईचे असेल तर तार करत. आपल्या देशातील तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पुढे गावोगावी पिवळ्या पाट्यांची एसटीडी, आयएसडी केंद्रे आली. तेथे काचेच्या खोलीत उभे राहून बोलायचे आणि समोरच्या यंत्रावरचे लाल आकडे पाहायचे. आकडा वाढू लागला की माणूस आपोआप बोलणे आवरते घेई. त्या लाल आकड्यांचा एक फायदा होता. पैसे जाताना डोळ्यांना दिसत. आजच्या मोबाइलवर ते दिसत नाहीत.

योगायोग असा, की ज्या १९९५ साली हजची जहाजे थांबली, त्याच वर्षी ३१ जुलै रोजी भारतात पहिला मोबाइल कॉल झाला. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या वेळी मोबाइल ही श्रीमंतांची वस्तू होती. फोन करणाऱ्यालाही पैसे पडत आणि फोन घेणाऱ्यालाही. २००३ मध्ये येणारे फोन मोफत झाले. तेव्हापासून आपल्या मनात पक्के बसले आहे, की फोन आला तर घ्यावा, त्याला पैसे पडत नाहीत. देशात हे बरोबर आहे. परदेशात हीच समजूत महागात पडते. ते कसे, हे समजण्यासाठी ‘रोमिंग’ म्हणजे काय ते पाहू.

मोबाइलला मराठीत ‘भ्रमणध्वनी’ असा शब्द आहे. भ्रमण म्हणजे फिरणे. रोमिंग या शब्दाचा अर्थही फिरणे हाच आहे. आपल्या जिल्ह्यात पाण्याची ओढ असते, म्हणून विहिरीचेच उदाहरण घेऊ. तुमच्या गावच्या विहिरीचे पाणी तुम्ही वर्षाचे पैसे भरून वापरता. तुम्ही परगावी गेलात. तहान लागली. तेथे दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी तुम्ही प्यालात. त्या विहिरीचा मालक तुम्हाला ओळखत नाही. तो तुमच्या गावच्या मालकाकडे पैसे मागतो आणि तुमच्या गावचा मालक त्यात आपली भर घालून तुमच्याकडून वसूल करतो. मोबाइलचेही असेच आहे. दादींचे सिम भारतातील कंपनीचे आहे, पण मक्केत टॉवर सौदी कंपनीचा आहे. दादींच्या बोलण्याचे पैसे सौदी कंपनी आपल्या कंपनीकडे मागते आणि आपली कंपनी ते दादींकडून घेते.

आता येणाऱ्या फोनचे पाहा. तुम्ही बीडमधून दादींच्या नेहमीच्या नंबरवर फोन केला. तुमच्या दृष्टीने तो भारतातलाच नंबर आहे. तुमच्या रिचार्जमध्ये तो फुकट लागतो. पण भारतातून मक्केपर्यंतचा पुढचा प्रवास कोणाच्या खर्चाने होतो? दादींच्या. फोन तुम्ही केलात आणि पैसे दादींचे गेले! घरच्यांना हे माहीत नसते. ते बिचारे प्रेमाने फोन करत राहतात.

आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांनी हा अनुभव परदेशी न जाताही घेतला आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बीड जिल्ह्यातून बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही कर्नाटकात. कर्नाटकात गेले की मोबाइल कंपन्यांच्या हिशेबाने हद्द बदले. मग गावाकडून आलेला फोन घेतला तरी पैसे कापले जात. मे २०१५ मध्ये ‘ट्राय’ने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलचा कमाल दर मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणला. आता देशात फिरताना साधारणपणे वेगळा दर लागत नाही. युरोपीय संघातील देशांनी तर जून २०१७ पासून आपापसातले रोमिंगचे जादा दर काढून टाकले. भारत आणि सौदी अरेबिया यांच्यामध्ये मात्र तशी सोय नाही. म्हणून हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो.

‘हिशेब’ हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटला ना? तो तुमच्या उर्दूतला ‘हिसाब’च आहे. खर्च, जमा, बाकी, रक्कम, वसूल, मुदत हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. पैशांच्या बाबतीत मराठी आणि उर्दू यांची मैत्री फार जुनी आहे. असो.

सर्वांत मोठा खर्च बोलण्याचा नसतो, इंटरनेटचा असतो. आमच्या ओळखीच्या एका काटकसरी गृहस्थांची गोष्ट सांगतो. ते उमऱ्याला गेले. परत येईपर्यंत त्यांनी एकही फोन केला नाही, एकही घेतला नाही. आपण पैसे वाचवले म्हणून ते खूश होते. महिनाअखेर बिल आले तेव्हा त्यांचे डोळे विस्फारले. “मी तर बोललोच नाही, मग हे बिल कशाचे?” असे ते दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारत होते. झाले होते असे, की त्यांचा मोबाइल चालूच होता आणि ‘डेटा रोमिंग’चे बटणही चालू होते. ते रात्री झोपत आणि मोबाइल जागा राही. नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘जुमा मुबारक’ची चित्रे येत, लहान मुलांचे व्हिडिओ येत. ते सगळे मोबाइल आपोआप उतरवून घेई. ॲपही आपोआप नवी होत. त्यांनी पॅक घेतलेला नव्हता. समजा, पॅक नसताना एका एमबीला १० रुपये दर आहे. मग ३० एमबीच्या एकाच व्हिडिओला ३०० रुपये झाले. असे दिवसाला चार आले तर? गुणाकार तुम्हीच करा.

त्यांचे सिम पोस्टपेड होते, म्हणून बिल फुगत गेले. प्रीपेड असते तर शिल्लक संपताच सेवा थांबली असती. वयस्कर माणसाला परदेशी पाठवताना प्रीपेड बरे, असे माझे मत आहे. नुकसान झाले तरी त्याला मर्यादा असते.

तेव्हा निघण्याच्या दोन दिवस आधी दादींचा मोबाइल मागून घ्या. सेटिंगमध्ये जाऊन डेटा रोमिंग बंद आहे ना, ते पाहा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवण्याची सोय बंद करा. ॲपचे आपोआप नवीन होणे बंद करा. फोटोंची रात्री आपोआप होणारी साठवण फक्त वाय-फायवर ठेवा. या कामाला दहा मिनिटेही लागत नाहीत. मग दादींना ते बटण दाखवा आणि त्यांच्याच हाताने चालू-बंद करायला लावा. आपण करून दिले की मोठी माणसे “हो हो” म्हणतात आणि विसरतात. स्वतः दोनदा केले की लक्षात राहते.

आता प्रश्न येतो, सिम कोणते? येथे दोन मार्ग आहेत. पहिला, भारतातील सिमवरच परदेशाचा पॅक घेणे. यात नंबर तोच राहतो आणि दादींना काही नवे शिकावे लागत नाही. पण पॅक घेताना दुकानदाराला न लाजता प्रश्न विचारा. हा पॅक सौदी अरेबियात चालतो का? किती दिवस चालतो? दिवस रिचार्ज केल्यापासून मोजायचे की तेथे उतरल्यापासून? येणाऱ्या फोनची मिनिटे यातच धरतात का? पॅक संपल्यावर कोणता दर लागेल? हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचा मुक्काम साधारण चाळीस दिवसांचा असतो. समजा, पॅकमध्ये १०० मिनिटे आहेत आणि चाळीस दिवस काढायचे आहेत. मग दिवसाला अडीच मिनिटे वाट्याला आली. खाला, फुप्पी, मामू, शेजारी, सगळेच फोन करू लागले तर पहिल्याच आठवड्यात पॅक संपेल.

दुसरा मार्ग म्हणजे तेथील सिम घेणे. एसटीसी, मोबिली आणि झैन या सौदी अरेबियातील मोठ्या कंपन्या आहेत. त्यांची सिम विमानतळावर आणि शहरातही मिळतात. पासपोर्ट दाखवावा लागतो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. रस्त्यात कोणी पासपोर्ट हातात मागून सिम देऊ लागला तर घेऊ नये, कंपनीच्या दुकानातूनच घ्यावे. लांबच्या मुक्कामाला हे सिम स्वस्त पडते, विशेषतः इंटरनेटसाठी. मात्र येथे खर्चाची बाजू उलटते. तुम्ही बीडमधून ९६६ ने सुरू होणाऱ्या त्या सौदी नंबरवर साधा फोन केलात, तर तो आंतरराष्ट्रीय कॉल होतो आणि पैसे तुमचे जातात. घरचा फुकट रिचार्ज त्याला चालत नाही.

पुष्कळ लोक दोन सिमच्या मोबाइलमध्ये दोन्ही ठेवतात. इंटरनेट सौदी सिमवर आणि भारतातील सिम फक्त संदेशांसाठी. हे का करायचे? बँकेचा ओटीपी भारतातील नंबरवरच येतो. येणाऱ्या संदेशाला रोमिंगमध्ये साधारणपणे पैसे पडत नाहीत. पण त्यासाठी त्या सिमची मुदत चालू हवी. चाळीस दिवसांच्या मुक्कामात अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज मध्येच संपतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बडे अब्बांच्या सिमचा रिचार्ज परतीच्या तारखेपुढेपर्यंत करून ठेवा.

उमऱ्याला जाणाऱ्यांची विमाने पुष्कळदा मस्कत, दुबई अशा ठिकाणी थांबतात. तेथे दोन-तीन तास बसावे लागते. पॅक सौदी अरेबियाचा असेल तर तो या देशांत चालेलच असे नाही. अशा वेळी एरोप्लेन मोड चालूच ठेवावा. विमानतळावर वाय-फाय मिळाले तर त्यावर “पोहोचलो” एवढा संदेश पाठवावा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश जातो, पण बोलणे होत नाही, हेही सांगून ठेवा. नाहीतर मोबाइल बिघडला असे वाटून माणूस घाबरतो.

आणखी एक छोटे पण महत्त्वाचे काम आहे. दादींच्या मोबाइलमध्ये सगळ्यांचे नंबर दहा अंकी असतील. सौदी सिमवरून ते लागणार नाहीत. प्रत्येक नंबरापुढे +९१ घाला. शून्याचे बटण दाबून धरले की अधिकचे चिन्ह येते. येथे बसून वीस नंबर दुरुस्त करणे सोपे आहे, मिनाच्या तंबूत बसून ते कठीण आहे.

वेळेचाही विचार करा. सौदी अरेबिया आपल्या अडीच तास मागे आहे. तुम्ही शाळेतून आलात आणि पाच वाजले, तर मक्केत दुपारचे अडीच वाजलेले असतात. जोहरची नमाज होऊन दादी खोलीवर आल्या असतील. बोलायला ही चांगली वेळ आहे. तुम्ही रात्री साडेनऊला फोन केलात तर तेथे सात वाजलेले असतात. मे-जूनमध्ये ती मगरिबची वेळ असते. घरच्यांनी मिळून रोजची एकच वेळ ठरवावी. रोज एकाच घरातून फोन व्हावा आणि बाकीच्यांना निरोप त्या घराने द्यावा. आवाजाचा संदेश पाठवणे तर फारच सोयीचे. दादींना टाइप करता येत नाही, पण बटण दाबून बोलता येते. वाय-फाय मिळाले की त्या तुमचा निरोप ऐकतील. चित्र दिसणाऱ्या कॉलला मात्र आवाजाच्या कॉलपेक्षा कितीतरी पट इंटरनेट लागते. तो वाय-फायवरच करावा.

आता एक गोष्ट नीट ऐका. हे सगळे वाचून कोणी म्हणेल, “एवढी कटकट कशाला? मोबाइल बंदच करून ठेवा.” ते चूक आहे. मिनात लाखो माणसे असतात. तंबू एकसारखे, रस्ते एकसारखे. जमरातहून परत येताना दादींचा हात बडे अब्बांच्या हातातून सुटला, तर त्या क्षणी पाच रुपये आणि पन्नास रुपये यांत काहीच फरक नसतो. मोबाइल बंद असेल तर त्यांना शोधायचे कसे? शिवाय आता कितीतरी कामे मोबाइलवरच होतात. भारत सरकारने हाजींसाठी २०२४ मध्ये ‘हज सुविधा’ हे ॲप सुरू केले. मदिनेत रियाजुल जन्नतमध्ये जाण्याची परवानगी सौदी सरकारच्या ‘नुसुक’ ॲपवर घेतात. म्हणून थोडी शिल्लक शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवायची आणि गरज पडली तर ती बेधडक खर्च करायची, असे दादींना बजावून सांगा. आपल्या घरची मोठी माणसे पैशांच्या काळजीने गरजेचा फोनही करत नाहीत. त्यांना तुम्ही सांगितले तर पटेल.

गर्दीत टॉवरवरही गर्दी होते आणि फोन लागत नाही. बॅटरीही संपते. त्यासाठी एक कागद हवा. तो तुम्ही तुमच्या हाताने लिहा. त्यावर बडे अब्बांचा नंबर, सोबतच्या आणखी एकाचा नंबर आणि कव्हर नंबर असू द्या. मुक्कामाच्या इमारतीचा क्रमांक तेथे गेल्यावर त्यात भरता येईल. उर्दू तुम्हाला येते, ते येथे कामी येईल. तेथील पोलिसाला अरबी अंक चटकन वाचता येतात. पण सांभाळा! उर्दूत आपण ४, ५ आणि ६ जसे लिहितो, तसे अरबीत लिहीत नाहीत. या तीन अंकांची अरबी रूपे मौलवीसाहेबांना किंवा शिक्षकांना विचारून लिहा. शेजारी इंग्रजी अंकही लिहा. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दादींच्या गळ्यातल्या पिशवीत ठेवा. त्याला ना रिचार्ज लागतो, ना टॉवर.

जीपचा हॉर्न वाजला. दादींनी तुमच्या डोक्यावरून हात फिरवला. आता त्यांना एकदाच विचारा, “दादी, डेटाचे बटण कोठे आहे?” त्यांनी बोट बरोबर ठेवले तर मोबाइल पिशवीत घालायला हरकत नाही.

शब्दार्थ

आटोक्यात ठेवणे – काबूत ठेवणे. धांदल – घाईगडबड. काटकसरी – जपून खर्च करणारा, किफायती. शिल्लक – उरलेली रक्कम. डोळे विस्फारणे – आश्चर्याने डोळे मोठे होणे. बजावणे – ठामपणे सांगणे.

स्वाध्याय

१. तुम्ही बीडमधून दादींच्या भारतातील नंबरवर फोन केला, तर मक्केत पैसे कोणाचे जातात? का?

२. पाठातील गृहस्थांनी एकही फोन केला नाही, तरी बिल का आले? चार-पाच वाक्यांत लिहा.

३. पॅकमध्ये १५० मिनिटे आहेत. मुक्काम ४० दिवसांचा आहे. अडचणीच्या वेळेसाठी ३० मिनिटे राखून ठेवायची आहेत. रोज किती मिनिटे बोलता येईल?

४. बीडमध्ये सकाळचे साडेसात वाजले असतील तर मक्केत किती वाजले असतील? त्या वेळी फोन करावा का?

५. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे आणखी पाच शब्द शोधा. प्रत्येक शब्द वापरून मराठीत एक वाक्य लिहा.

६. घरातील मोठ्या माणसाचा मोबाइल त्यांना विचारून घ्या. त्यातील दहा नंबर पाहा. कितींच्या पुढे +९१ आहे, ते वहीत लिहा आणि उरलेले दुरुस्त करून द्या.